नत्थूभाऊ बोपचे : विद्युत्तारांचे धन्वंतरी

श्री. नत्थूभाऊ बोपचे यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात लिहिण्याचा माझा अधिकार केवळ भौगोलिक आहे. बालाघाटच्या बसस्थानकामागे त्यांच्या ‘ऑटो इलेक्ट्रिक’ दुकानाला लागून माझा आसनाच्छादनाचा, म्हणजे सीट-कव्हरचा व्यवसाय आहे. आमच्या दोन दुकानांमध्ये फक्त एक पत्रा आहे आणि त्यातून ज्ञान सहज झिरपते.

मी दुकान थाटले त्याच दिवशी त्यांचे प्रथम दर्शन घडले. कटंगीचे एक गृहस्थ जुनी जीप घेऊन आले होते. ती डावीकडे वळली की आपोआप भोंगा वाजवी. गृहस्थांना बाहेरच्या बाधेचा संशय होता. नत्थूभाऊ गाडीपुढे उकिडवे बसले, आणि दृष्ट लागू नये म्हणून बंपरला टांगलेले लिंबू-मिरची त्यांनी बोटाने हलवले. भोंगा वाजला. लिंबू बांधण्याची लोखंडी तार थेट भोंग्याच्या वायरीत खुपसलेली होती. वळणावर लिंबू झोका घेई, तार पत्र्याला टेके आणि गाडी आक्रंदन करी.

“भाऊ, लिंबू बांधा ना, कोन नाही म्हनते? पन वायरले कायले भोसकता?” नत्थूभाऊ म्हणाले. त्यांनी वायर दुरुस्त केली आणि लिंबू स्वहस्ते सुतळीने पुन्हा बांधून दिले. परक्याच्या श्रद्धेला धक्का न लावता त्याच्या गाडीतला दोष काढणे, हे त्यांचे व्रत मी त्या दिवशी प्रथम पाहिले.

उंदरांनी तोडलेल्या दोन वायरी पिळून वर चिकटपट्टी गुंडाळणे, ही आपल्या शहरातील सर्वमान्य उपचारपद्धती होय. नत्थूभाऊंना ती अमान्य. ते कुरतडलेला भाग कापून त्याच रंगाचा तुकडा जोडतात, कथिलाचा डाग देतात आणि वर नळी चढवतात. सगळे सांधे एका जागी येऊ देत नाहीत, मागेपुढे ठेवतात. अन्यथा जुडग्याला गाठ येते, ती घासते आणि दुखणे पुन्हा उद्भवते.

या व्रताची परीक्षा माझ्या पुतणीच्या पाठवणीच्या दिवशी झाली. वरपक्ष तुमसरचा. त्यांची पुष्पमंडित गाडी दाराशी सज्ज, वधू अश्रुमुखी, आणि चावी फिरवताच गाडी निष्प्राण. वराच्या आत्याबाई सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने पुटपुटल्या, “पोरीनं उंबऱ्याभायेर पाय काय ठेवला, गाडीच बंद! पायगुन दिसून राह्यला.”

माझ्या थोरल्या बंधूंचा, म्हणजे वधुपित्याचा, चेहरा पांढरा पडला. गाडी आज ना उद्या सुरू झालीच असती; पण तो शब्द पोरीबरोबर सासरी गेला असता आणि जन्मभर तिथेच नांदला असता.

नत्थूभाऊ पंगतीत होते. हातातली जिलबी ताटात ठेवून ते उठले, स्कूटरच्या डिकीतून पेटी काढली आणि बॉनेट उघडले. फुलांच्या माळा बाजूला धरून उभे राहण्याचे बहुमानाचे पद मला मिळाले. मूषकराजांनी वायरिंगचा यथेच्छ फराळ केला होता.

“लपेटा अन् निघू द्या ना, काका,” नवरदेव कासावीस झाले.

“अन् कटंगीच्या पुढं बंद पडली तं? तठी कोन लपेटंल, तुमचा बँडवाला?”

डाग देता देता त्यांना वायरींच्या आड उंदरांचे घरटे सापडले. त्यात हिरव्या जरीकाठी लुगड्याच्या चिंध्या होत्या. त्या मुठीत धरून ते आत्याबाईंजवळ गेले आणि फक्त त्यांना (व पदसिद्ध मालाधारकास) ऐकू येईल इतक्या हळू म्हणाले, “ओळखीचं दिसते का, बाई?”

आत्याबाईंनी पाहिले. “माह्यं लुगडं! आमच्या गाडीच्या खोलीत वाळत घातलं होतं...”

“हौ. म्हनजे बिऱ्हाड तुमसरचंच हाये. वरातीसंगं आलं.” मूठ मिटली. चिंध्या त्यांच्या खिशात गेल्या आणि इतर कोणालाही दिसल्या नाहीत.

मग ते मोठ्याने म्हणाले, “चाबी पोरीच्या हातानं फिरवा.”

बंधूंनी त्यांचा हात घट्ट धरला. “भाऊ, आधी तुम्ही पाहून घ्या. नाही चालली तं पोरीचं...”

“पाहाचं काय त्याच्यात? मी केलं हाये.”

पुतणी चालकाच्या जागी बसली. तिने चावी फिरवली आणि गाडी पहिल्याच फटक्यात गर्जली. सर्वप्रथम आत्याबाईंचा आवाज उठला, “पाहा! लक्ष्मीचा हात लागला!”

पायगुणाचा विषय त्या घरात पुन्हा कधीही निघाला नाही. उलट शुभकार्याला निघताना आत्याबाई अजून सुनेलाच चावी फिरवायला लावतात.

या पंचाहत्तरीच्या सोहळ्याला पुतणी स्वतः गाडी चालवत येणार आहे आणि शेजारी आत्याबाई बसणार आहेत. नत्थूभाऊंच्या शंभरीलाही दोघींनी असेच यावे, ही प्रार्थना. तोवर त्यांच्या दृष्टीला निळ्या-हिरव्या वायरीतला भेद दिसत राहो, हात स्थिर राहो. बिघाड व्हायचाच असेल तर आमच्या गाड्यांत होवो, त्यांच्या प्रकृतीत कदापि नको. कारण तिथे हात घालून “मी केलं हाये” असे निःशंक म्हणणारा दुसरा कारागीर आमच्याकडे नाही.