तिसऱ्या जागेवर सासूबाई

माझ्या सासूबाई रुग्णालयाच्या लाँड्रीत कामाला होत्या. तळघरातली लांबट खोली, एका भिंतीला पाच मोठी मशिनं, समोर इस्त्रीचे रोलर आणि मधली फरशी सदानकदा ओली. चोवीस वर्षं त्यांनी त्या मशिनांतून ओल्या चादरींचे पिळे ओढून काढले. घरात बरणीचं झाकण अडलं की आम्ही बरणी मुकाट्याने त्यांच्यासमोर ठेवायचो.

पंचावन्नाव्या वर्षी त्या त्याच फरशीवर घसरल्या आणि डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर लाँड्रीच्या साहेबांनी सांगितलं, आता वरच्या मजल्यावर बसून टॉवेलच्या घड्या घाला, या वयात पडणं परवडायचं नाही. सासूबाईंना ते लागलं. त्या मशिनवरच परत गेल्या, पण डोक्यात एक गोष्ट घेऊन.

रुग्णालयाच्या बसस्टॉपसमोर गालिच्यांचं जुनं गोदाम होतं. तिथे ज्युदोचा वर्ग चाले. बसची वाट बघताना काचेतून त्यांना रोज दिसायचं की मुलं धाडधाड आपटतात, उठतात, पुन्हा आपटतात आणि रडत मात्र कुणीच नाही. एके दिवशी त्यांनी बस सोडली आणि आत गेल्या.

वर्ग चालवणारे सर दिवसा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. अंगाने काडी, बोलणं हळू. त्यांना वाटलं, बाई नातवाच्या प्रवेशासाठी आल्यात. त्यांनी फॉर्म पुढे केला. सासूबाईंनी वयाच्या रकान्यात स्वतःचं वय लिहिलं आणि फॉर्म परत दिला. सरांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, काय शिकायचंय? त्या म्हणाल्या, "पडायला."

चार महिने त्या फक्त पडल्या. मागे, बाजूला, पुढे. हनुवटी छातीला लावायची, हात सपाट आपटायचा, अंगाचा गोळा करायचा. घरी पलंग आणि कपाट यांच्यामध्ये गादी टाकून सराव चाले. खालच्या मजल्यावरच्या काकू दोनदा विचारून गेल्या, तुमच्याकडे फर्निचर हलवताय का? माझा नवरा वायरमन आहे. दिवसभर शिडीवर उभा राहणारा माणूस, पण आईच्या पडण्याने त्याचा जीव खालीवर व्हायचा. त्याने चिडून, गोड बोलून, अबोला धरून बघितलं. मी मध्ये पडले नाही. पडायला हवं होतं.

मग सासूबाईंनी सरांपुढे एक विचार मांडला. "मुलं पडली तर उठतात. म्हातारी माणसं पडली की आमच्या रुग्णालयात येतात. त्यांच्या चादरी मी धुते." म्हाताऱ्यांना पडायला शिकवण्यासाठी सरांनी शनिवारची दुपार मोकळी केली. पहिल्या शनिवारी तिघं आली, महिन्याभरात सव्वीस. रुग्णालयाचा निवृत्त वॉचमन, कॅन्टीनची स्वयंपाकीण, सत्तरीच्या जुळ्या बहिणी. या दोघी म्हणे एकमेकींवर लक्ष ठेवायला आल्या होत्या. काठ्या कोपऱ्यात उभ्या राहायच्या आणि मालक मॅटवर लोळायचे.

हिवाळ्यात स्पर्धांचा मोसम सुरू झाला. तीन शहरांत तीन सांघिक स्पर्धा. बायकांच्या संघात तिघी लागत: हलकी, मधली आणि जड. सरांकडे हलकी होती, औषधांच्या दुकानातली मुलगी. मधली होती, शाळेत पीटी शिकवणारी. जड नव्हती. पहिल्या स्पर्धेत तिसरी जागा रिकामी राहिली, तो सामना न खेळताच गेला, आणि पीटीवाली हरल्यावर संघ बाहेर पडला. हे कळलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, माझं वजन अठ्ठ्याहत्तर किलो आहे.

दुसऱ्या स्पर्धेत नोंदणीच्या टेबलावर मी त्यांच्या शेजारी उभी होते. संघटनेच्या सचिवांनी मान वर न करता सांगितलं, "आजी, प्रेक्षकांची बाजू तिकडे."

"मी खेळायला आलेय," सासूबाई म्हणाल्या. "नियमांचं पुस्तक काढा. अठरा वर्षं पूर्ण हवीत, ती झालीत. कुठपर्यंत चालतं, ते लिहिलेलं नाही."

सचिवांनी पुस्तक चाळलं. लिहिलेलं नव्हतं. मग डॉक्टरांचा दाखला मागितला, तोही सासूबाईंनी पिशवीतून काढला. हाडांच्या डॉक्टरांनीच दिलेला. मागे रांग वाढत होती. शेवटी नाव लिहावं लागलं.

सासूबाईंचा सामना अकरा सेकंद चालला; ज्युदोत पाठीवर सपाट पडलं की सामना संपतो. समोरची मुलगी विशीतली, खांदे दरवाजाएवढे. तिने सासूबाईंना उचलून पाठीवर असं आपटलं की माझे डोळे मिटले. उघडले तेव्हा त्या उठून, ज्युदोचा कोट नीट करून, वाकून नमस्कार करत होत्या. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. आठवडाभर तो ज्याच्या त्याच्या फोनवर होता. माझा नवरा फोन हातात घेऊन आला आणि म्हणाला, "आई, लोक हसतायत."

"हसू दे. मी पडले, मोडले नाही. ते दिसतंय ना त्यात?"

त्या रात्री मी पहिल्यांदा नवऱ्याला सांगितलं की आता तू गप्प बस.

तिसऱ्या स्पर्धेला शनिवारचा वर्ग अख्खा आला. स्टेडियमच्या पायऱ्यांवर काठ्यांची रांग लागली. नवराही आला, हाताची घडी घालून सगळ्यांपासून लांब बसला. तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत औषधवाली जिंकली, पीटीवाली हरली. निकाल सासूबाईंवर आला, आणि समोर तीच दरवाजाएवढी मुलगी. या वेळी त्यांनी तिच्या कोटाची बाही धरली आणि सोडलीच नाही. ती मुलगी ओढत होती, झटकत होती, पण चोवीस वर्षांची पकड होती ती. दोन मिनिटं अशी गेली. मग मुलीने त्यांना कुशीवर पाडलं, अर्धा गुण घेतला. पण पडता पडता सासूबाईंनी बाही धरूनच ठेवली, अंग फिरवलं आणि अख्ख्या वजनानिशी तिच्या छातीवर आडव्या झाल्या. दहा सेकंद दाबून धरलं असतं तर बरोबरी, वीस सेकंदांनी विजय. मोठ्याने आकडे मोजणारा आवाज मला ओळखीचा वाटला. माझा नवरा उभा राहून मोजत होता. नऊ झाले आणि मुलगी निसटली.

वेळ संपली आणि सासूबाई अर्ध्या गुणाने हरल्या. संघ चौथा आला, पदक नाही.

पंधरा दिवसांत संघटनेचं पत्रक आलं: खेळाडूंच्या सुरक्षेसाठी पुढच्या मोसमापासून वयाची मर्यादा पंचेचाळीस. त्याला मंजुरी द्यायच्या बैठकीला सर गेले, सोबत सासूबाई आणि शनिवारचे वीसेक जण. खुर्च्या पुरल्या नाहीत. सासूबाईंनी सचिवांना विचारलं, यंदा किती खेळाडू जखमी झाले? अकरा. त्यांची वयं वाचून दाखवता? सचिवांनी नाइलाजाने वाचली. पंचविशीच्या वरचं कुणी नव्हतं.

"मग सुरक्षेसाठी त्यांना बंद करा," त्या म्हणाल्या.

काही जण हसले. तरीही हात वर झाले आणि नियम मंजूर झाला. प्रत्येक वर्गाने त्यावर सही करायची होती. सरांनी कागद उलटा करून टेबलावर ठेवला आणि पेन खिशात टाकलं. आमच्या वर्गाचं नाव संघटनेच्या यादीतून गेलं. दोन पालकांनी मुलांना काढून घेतलं. त्यांचंही बरोबर होतं, मुलांना स्पर्धा हव्या होत्या.

वसंतात गोदामातच आम्ही स्पर्धा ठेवली. नियमांचा कागद सासूबाईंनी स्वतःच्या हाताने लिहून दारावर चिकटवला. त्यात वयाचा रकानाच नव्हता. पाच वर्गांना बोलावलं, तीन आले. वॉचमन गुणफलक सांभाळत होता, जुळ्या बहिणी नोंदणीला. माझ्या नवऱ्याने आदल्या दिवशी सगळ्या ट्यूबलाइट बदलून दिल्या होत्या. सासूबाई दोन सामने खेळल्या. पहिला हरल्या. दुसऱ्यात एका बत्तीस वर्षांच्या बस कंडक्टरबाईला त्यांनी दाबून धरलं, आणि वीस सेकंद पूर्ण झाल्यावरही सोडेनात. सरांना खांद्यावर थाप मारून सांगावं लागलं, संपलं.

दुपारी ती दरवाजाएवढी मुलगी आली. तिचा वर्ग संघटनेच्या यादीत होता, इथे येऊ नको असं तिला बजावलं होतं. ती खेळायला नाही, विचारायला आली होती: बाही तशी कशी धरायची?

सासूबाईंनी तिला सोमवारी सकाळी सात वाजता लाँड्रीत बोलावलं.