चौदाव्या प्रकरणाची दुरुस्ती

देविदासभाऊ कुठल्याही वस्तूला पहिल्यांदा तळहात लावत नसत. आधी हाताची उलटी बाजू टेकवायची, क्षणभर थांबायचं, मग धरायचं. माझ्या दुकानातला माऊस, दाराची कडी, चहाचा ग्लास, सगळ्यांना हाच न्याय. छत्तीस वर्षं विजेच्या खांबांवर काढलेला वायरमन तो. "करंट असला तं तळहात मूठ आवळून घेते, सुटत नाई. उलटा हात झटक्यानं मांगं येते," हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी, मी न विचारता, दोनदा सांगितलं.

माझं नांदुऱ्याला स्टेशन रोडवर डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, अर्ज, निवडणुकीची पत्रकं, यात माझं बरं चाललं होतं. एका सोमवारी हे गृहस्थ संग्रामपूरकडच्या बसमधून उतरले आणि हाताने लिहिलेली तीन जाड रजिस्टरं माझ्या टेबलावर आपटून म्हणाले, "याचं पुस्तक करायचं हाये, पोरी. प्रकाशक-बिकाशक नाई पायजे. आपलं आपनच काढू. कागदाचं बी अन् मोबाईलचं बी."

"दोन्ही कशाला, भाऊ?"

"म्हाताऱ्याइले कागद, पोट्ट्याइले मोबाईल."

मी हो म्हणाले. त्या दिवशी माझी अक्कल कुठे गेली होती देव जाणे.

कागदाच्या पुस्तकाची पानं मी माझ्या जुन्या फॉन्टमध्ये लावली. ई-बुकला तो चालेना. सगळा मजकूर युनिकोडमध्ये फिरवला तर जोडाक्षरं अशी फुटली की पानभर नुसता चुरा. आठ दिवस मी ती वेचत बसले, आणि हे शेजारी खुर्ची ओढून, "तुया काँप्युटरचा एक फेज गेला वाट्टे." मुखपृष्ठासाठी मी खांबाचा छान फोटो शोधला, तर म्हणे, "हा खांब आपल्या इकडचा नोहे. लोक हसतीन." कोण हसणार होतं, सांगा! पण नाही. भर मे महिन्यात मला गावाकडे नेऊन त्यांनी स्वतः चढलेला खांब दाखवला आणि त्याचाच फोटो काढायला लावला. एवढं करून शेवटी प्रश्न: "मोबाईलच्या पुस्तकाले मांगचं कव्हर काऊन नाई?" मी कपाळाला हात लावला.

पुस्तक आलं. गठ्ठे घेऊन भाऊ गेले. सुटले म्हणायचं, तर माझ्याच तोंडाने घात केला. ई-बुकात नंतरही बदल करता येतो, असं मी बोलून गेले.

"कवाबी?"

"कधीही."

"अन् कोनाले समजत बी नाई?"

"नाही."

झालं. दर सोमवारी स्वारी हजर. शॉक लागून मेलेली म्हैस काळी नव्हती, भुरी होती. अमक्या गावाची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची पेटी, शाळेमागे नव्हती, मारुतीमागे होती. या असल्या दुरुस्त्या करून मी पुन्हा पुन्हा फाइल चढवत होते. आणि म्हैस असो की डीपी, शेवटी गाडी चौदाव्या प्रकरणावर यायचीच.

त्यात सुभाषचा मृत्यू होता. सुभाष त्यांचा जोडीदार, लाइनवर काम करताना खांबावरच गेला. कागदाच्या पुस्तकात स्पष्ट छापलं होतं, 'सुभाषने ग्रिपा न काढताच खांबावर चढण्याची घाई केली.' ग्रिपा म्हणजे डीपीतले फ्यूज. ते काढले की लाइन बंद. पहिल्या सोमवारी त्या वाक्यातली घाई गेली. दुसऱ्या सोमवारी 'ग्रिपा काढल्या होत्या की नाही, सांगता येत नाही' असं झालं. तिसऱ्या सोमवारी त्या 'काढल्या असाव्यात.' चौथ्या सोमवारी माझं डोकं फिरलं.

"भाऊ, माणूस एकदाच मेला ना? मग दर सोमवारी वेगळा कसा मरतो?"

भाऊंनी उलटा हात टेकवून कीबोर्ड माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, "लिह्य."

मी लिहू लागले. "ग्रिपा सुभाषनं काढल्या होत्या. जो खांबावर चढते त्यानं त्या आपल्याच पिशवीत ठेवाच्या, असा आमचा रिवाज. म्हंजे खालून कोनी लाइन चालूच करू शकत नाई. त्या दिवशी त्याची पिशवी फाटेल होती. म्हनून ग्रिपा मी ठेवल्या. तो एका खांबावरून उतरला, मले वाटलं काम झालं. तो दुसऱ्यावर चढेल होता. चक्कीवाले लाइनसाठी वरडून राह्यले होते. मी ग्रिपा लावल्या."

"आणि चौकशीत?"

"चौकशीत मी सांगतलं, त्यानं काढल्याच नोहत्या." मग पडद्याकडे बोट करून, "हे मोबाईलच्यात टाकून दे."

"कागदाच्यात?"

"ते तं छापून झालं."

आता खरं सांगते, त्या क्षणी मला त्या म्हाताऱ्याचा इतका संताप आला की काय सांगू. मोबाईलचं पुस्तक मी आणि त्यांचा भाचा सोडून कोणी उघडलंही नव्हतं. आणि कागदाची प्रत यांनी स्वतः रोहिणखेडला जाऊन सुभाषच्या बायकोला, कमलवहिनींना दिली होती. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन. त्यांनी ते पुस्तक नवऱ्याच्या फोटोपाशी ठेवलं, "आमच्या यायचं नाव छापलं तुमी, लय झालं," म्हणाल्या, हे भाऊंनीच मला कौतुकाने सांगितलं होतं.

"म्हणजे जिथे ती वाचणार नाही, तिथे खरं लिहायचं?" मी ओरडलेच. "नाही टाकणार मी! आधी कागदावर, मग मोबाईलवर."

भाऊ तरातरा निघून गेले. पुढचा सोमवार आले नाहीत. त्याच्या पुढच्या सोमवारी दारातूनच म्हणाले, "लाव कागदाचं पान."

मी चौदावं प्रकरण नव्याने लावलं. हल्ली एकच प्रत हवी तरी छापून मिळते, तशी मागवली. ती आली तर म्हणे, "तू बी चाल रोहिणखेडले. एकटा गेलो तं वाटंत मोताळ्यालेच उतरून वापस येईन." आणि खरोखर मोताळ्याला हे महाशय उठून उभे राहिले. मी सदऱ्याला धरून खाली बसवलं.

कमलवहिनी तूर पाखडत होत्या. भाऊंनी पुस्तक पुढे केलं. "एक हाये न माह्यापाशी," त्या म्हणाल्या. चष्मा सापडेना, म्हणून म्हणाल्या, "तुमीच वाचा." भाऊंनी वाचलं. त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की शेजारी बसून मलाच नीट ऐकू येत नव्हतं. वहिनींचं सूप थांबलं. त्या रडतील, शिव्या देतील, असं मला वाटलं. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "भायेर ओट्यावर चाला."

"काऊन, वहिनी?"

"वीस वर्षं या गल्लीनं मले आयकवलं, तुया नवऱ्याच्या हातानंच झालं म्हनून. पोराचं लगन जमवताना बी आयकवलं. आता गल्लीले आयकू द्या. उभं राहून वाचा. मोठ्यानं."

भाऊंनी ओट्यावर उभं राहून वाचलं. बायामाणसं जमली. संपलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, "पुन्हा." भाऊंनी पुन्हा वाचलं. मला त्यांच्याकडे बघवेना. आम्हाला कोणी चहा विचारला नाही, आणि तेच बरोबर होतं.

परतीच्या बसमध्ये भाऊ एवढंच बोलले, "आता दुरुस्ती नाई." नंतर मी मोबाईलच्या पुस्तकातही ते प्रकरण टाकलं. त्या हिवाळ्यात भाऊ गेले, झोपेतच. पावसापाण्यात अर्ध्या तालुक्याच्या घरात उजेड आणणारा माणूस, आणि एवढं खोटं वीस वर्षं पोटात घेऊन फिरला! माझा राग अजून गेलेला नाही. सोमवारी मात्र त्यांची आठवण येते, तीही चांगलीच येते.

मागच्या महिन्यात कमलवहिनींचा फोन आला. "पोरी, त्या नव्या पुस्तकाच्या आजून परती पायजे."

"किती, वहिनी?"

"आमच्या यायच्या चौकशीले जितके साहेब आले होते, तितक्या. सगळ्याइचे पत्ते काढले मी."