कॅरॅव्हॅनची नाडी

मोजायची टेप ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये राहिली होती.

हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी डेरेकच्या भंगाराच्या यार्डात, ओल्या खडीवर पाठ टेकून, एका कॅरॅव्हॅनखाली अर्धा घुसलो होतो. बाहेर फक्त माझे पाय होते. पायांशी बायको उभी होती, काठापदराच्या साडीत. तिथून आम्हाला मराठी मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमाच्या तालमीला जायचं होतं.

"अहो, झालं का?"

"टेप विसरलो."

तिने वाकून खाली पाहिलं. मग, "तुम्ही?"

त्या 'तुम्ही'मागे पंधरा वर्षं होती. साउथहॅम्प्टनमध्ये एका इन्शुरन्स कंपनीत मी इंजिनिअर-असेसर होतो. म्हणजे कुणाची गाडी ठोकली गेली की ती जाऊन बघायची, वाकून, ठोकून, मोजून बघायची, आणि दुरुस्त करण्यात अर्थ आहे की भंगारात द्यावी ते कंपनीला सांगायचं. नवीन पोरं कामाला लागली की पहिल्या दिवशी माझं एक भाषण असे. पेन विसरलात तर चालेल, टेप विसरलात तर घरी जा. रिपोर्टमध्ये कुणी 'अंदाजे' लिहिलं की मी तो रिपोर्ट परत पाठवत असे. हे भाषण मी घरी जेवतानाही करत असे. बायकोला ते पाठ होतं.

मंडळात कुणाला सेकंडहॅण्ड गाडी घ्यायची असली की आधी मला फोन यायचा. मी जायचो, गाडीखाली शिरायचो आणि बाहेर येऊन म्हणायचो, "नको." दहातल्या नऊ गाड्यांना मी 'नको' म्हणत असे आणि दहावी कुणीतरी मला न विचारताच घेऊन टाकत असे. माझं आडनाव नगरकर. मंडळाने त्याचं नकोकर केलं. लोक फोनवर सरळ विचारायचे, "नकोकर आहेत का?" आणि आमची नऊ वर्षांची मीरा न हसता ओरडायची, "बाबा, तुमच्यासाठी!"

तर या नकोकरांना आयुष्यात पहिल्यांदा एक वस्तू हवी होती.

ती होती चार जणांना झोपता येईल अशी कॅरॅव्हॅन. गाडीमागे जोडून न्यायची ती. आत दोन शेगड्या, एक सिंक, एक टेबल. एका डिलिव्हरी व्हॅनने तिच्या पुढच्या डाव्या कोपऱ्याला धडक दिली होती. क्लेम माझ्या एका सहकाऱ्याने पाहिला होता, मालकाला त्याचे पैसे मिळाले होते आणि कॅरॅव्हॅन कंपनीची झाली होती. अशा मालाला आमच्यात सॅल्व्हेज म्हणतात. तो डेरेकच्या यार्डात उभा राहतो आणि मिळेल त्या भावाला जातो.

मला ती हवी होती सासूबाईंसाठी. जूनमध्ये त्या दोन महिन्यांसाठी येणार होत्या. माझा मेहुणा ग्लासगोला हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, त्याला नुकता मुलगा झालेला. नातू बघायला आजी उत्सुक, पण साउथहॅम्प्टन ते ग्लासगो हा एका दमात करायचा प्रवास नव्हे आणि सासूबाई बाहेरचं काही म्हणजे काहीच खात नाहीत. हॉटेलातला चहासुद्धा नाही. "त्या भांड्यात आधी काय शिजलं असेल कुणास ठाऊक." मागच्या खेपेला त्या दोन केळी आणि एका थर्मासवर ग्लासगोला पोचल्या आणि पुढचे चार दिवस मुलाच्याच घरी पेशंट होऊन झोपून होत्या. परत आल्यावर म्हणाल्या, "पुन्हा काही मला न्यायचं नाव काढू नका." बायकोने ते मनाला लावून घेतलं होतं. चालतंफिरतं स्वयंपाकघर मिळालं तर आई नातवाला बघणार होती, नाहीतर फोटो बघणार होती.

बॉसची परवानगी मी आधीच घेतली होती. बॉसचं नाव रॉजर. तो म्हणाला, "घे की, मो. पण रिपोर्ट तूच लिही. परक्या माणसासाठी लिहितोस तसा. तुझी सही, खाली माझी." माझं नाव मोहन, इंग्लंडमध्ये त्यातलं 'हन' कधी कुणाच्या वाट्याला आलं नाही.

तर टेप नव्हती. डेरेककडे मागितली. त्याने आणून दिली ती सहा फुटांवर तुटलेली.

"पुढचं अंदाजाने धर, मेट," तो म्हणाला.

बायको हसली. मी नाही हसलो.

मोजायचं काय होतं ते सांगतो. कॅरॅव्हॅनच्या पुढे लोखंडाचा एक त्रिकोण असतो. त्याच्या टोकाला हिच, म्हणजे जी गाडीच्या मागच्या गोळ्यावर बसते ती वाटी. हिचपासून डाव्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर आणि उजव्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, दोन्ही सारखीच हवीत. शाळेतला समद्विभुज त्रिकोण. ती सारखी नसली तर धडकेने चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, वाकली आहे असं समजायचं. वाकलेली कॅरॅव्हॅन खेकड्यासारखी तिरकी चालते आणि मोटरवेवर वेग घेतला की तिची शेपटी हलायला लागते. पुढे गाडी, मागे ती, आणि थोड्याच वेळात कोण कुणाला नेतंय ते कळेनासं होतं. मी अशा गाड्यांचे क्लेम पाहिले होते. फोटोही पाहिले होते.

बायकोने पर्स उघडली. तालमीला पंधरा मुलींना साड्या नेसवायच्या होत्या, त्यामुळे पर्समध्ये सेफ्टीपिनांचं पाकीट, कुंकवाची डबी आणि परकराच्या नव्या कोऱ्या नाड्या. "या चालतील?"

मी दोन नाड्या एकमेकींना गाठ मारून जोडल्या. डेरेकने एक टोक हिचवर धरलं. उजव्या चाकाच्या मध्यावर जिथे नाडी आली तिथे मी सेफ्टीपिन लावली. मग डावीकडे गेलो. पिन चाकाच्या मध्याच्या दोन बोटं अलीकडे राहिली.

मी नाडी जरा ओढली. पिन बरोब्बर मध्यावर आली.

"स्पॉट ऑन!" डेरेक म्हणाला.

"बघ," मी बायकोला म्हणालो, "चासी सरळ आहे. नुसता पत्रा चेपलाय."

"अहो, पण उजवीकडे नाडी इतकी ताठ नव्हती."

"तू परकर सांभाळ, मी चासी सांभाळतो."

तिने सेफ्टीपिनांचं पाकीट पर्समध्ये टाकून पर्स मिटली. हे वाक्य तिने कुठेतरी ठेवून दिलं असावं हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आमच्याबरोबर आलेली मीरा एव्हाना कॅरॅव्हॅनच्या आत जाऊन आली होती. "बाबा, वरचा बंक माझा आहे. आणि आजीची टेबल खाली होऊन बेड होतो!" तिचं व्याकरण सुधारायला त्या दिवशी कुणालाच वेळ नव्हता. खाली वाकल्यावर मला आणखी एक गोष्ट दिसली होती. लोखंडी त्रिकोणाच्या डाव्या हाताला ताजा काळा रंग होता, तेवढ्याच भागाला. मी मनात म्हटलं, मालक किती काळजीवाहू होता! परक्याच्या गाडीला असा ताज्या रंगाचा पट्टा दिसता तर मी किल्लीने खरवडून काढला असता.

सोमवारी रिपोर्ट लिहायला घेतला. पत्रा, खिडकी, आतली ओल, टायर, सगळं भराभर झालं. मग मापांचा रकाना आला. दोन्ही बाजू समान, लिहिलं. त्याच्या शेजारचा रकाना: मोजण्याचं साधन. हा रकाना फॉर्ममध्ये घालायला मीच काही वर्षांपूर्वी लावला होता. मी तिथे 'कॉर्ड' लिहिलं आणि कागद रॉजरकडे दिला.

रॉजर कागद सावकाश वाचतो. एका ठिकाणी थांबला.

"कसली कॉर्ड?"

"सुती."

"सर्व्हेयरची?"

"नाही. पेटीकोटची."

त्याने चष्मा काढला. "कुणाच्या?"

"अजून कुणाच्या नाही. नवीन होती." मग मी उगाचच जास्त बोललो. म्हणालो, आमच्या भाषेत हिला नाडी म्हणतात, आणि मनगटावर डॉक्टर बघतो त्या पल्सलाही नाडीच म्हणतात.

"अच्छा. आणि पेशंटला होती का?"

पलीकडच्या टेबलावरची टायपिस्ट टंकायची थांबली होती.

"मो," रॉजर म्हणाला, "हाच रिपोर्ट दुसऱ्या कुणी आणला असता तर तू काय केलं असतंस?"

मी काय केलं असतं ते ऑफिसातल्या सगळ्यांना माहीत होतं. मी कागद घेतला, ड्रॉवरमधून टेप काढली आणि लंच-अवरमध्ये यार्डात गेलो.

पोलादी टेप ओढली तरी लांबत नाही, हा तिचा एकुलता एक गुण. डावी बाजू उजवीपेक्षा दीड इंच जास्त भरली. तीनदा मोजली. तिसऱ्यांदा तर मी मनातल्या मनात गणपतीला हाक मारून मोजली. दीड इंच. मग किल्लीने तो ताजा काळा रंग खरवडला. खाली लोखंडाला एक बारीक सुरकुती होती, वाकवलेल्या चमच्याला पडते तशी.

"ते रंगाचं काम माझं नाही हां," डेरेक म्हणाला. "आली तीच तशी." मला ते खरं वाटलं. माझ्या सहकाऱ्याने धडकेचा पत्रा पाहिला, मी मला हवं ते पाहिलं, आणि जूनमध्ये सासूबाई, बायको, मीरा आणि डिकीतला प्रेशर कुकर यांना घेऊन मी ती वस्तू साठच्या वेगाने ग्लासगोच्या दिशेने ओढणार होतो.

दुपारी नवीन रिपोर्ट दिला. चासी वाकलेली, रस्त्यावर चालवण्यास अयोग्य, सुटे भाग काढून मोडीत द्यावी, म्हणजेच राइट-ऑफ. रॉजरने खाली सही केली.

"स्वतःचीच सुट्टी राइट-ऑफ केलीस," तो म्हणाला.

"हो."

"रिपोर्ट मात्र चांगला आहे." पंधरा वर्षांत त्याने हे दुसऱ्यांदा म्हटलं असेल.

घरी सांगणं जास्त अवघड होतं. बायको पोळ्या लाटत होती. मी दीड इंच सांगितला, सुरकुती सांगितली. नाडी मी ओढली होती, हेही सांगितलं. मला वाटलं परकर आणि चासीचं वाक्य आता परत येणार. ती फक्त म्हणाली, "मग आता आईचं काय?" त्यापेक्षा ते वाक्य आलं असतं तर बरं झालं असतं. मीराने वरच्या बंकवर नेण्यासाठी एक उशी बाजूला काढून ठेवली होती. तिने ती परत खोलीत नेली.

उपाय सुचवला तो रॉजरनेच. कॅरॅव्हॅन विकतच घ्यायला हवी असं कुणी सांगितलं? दोन आठवडे भाड्याने मिळते. हे मला, ज्याचा धंदाच गाड्यांशी होता त्याला, सुचलं नव्हतं, कारण माझं मन त्या चेपलेल्या कोपऱ्यावर बसलं होतं. आम्ही जूनसाठी एक भाड्याने ठरवली. सासूबाई रोज संध्याकाळी तिच्यात पिठलं-भात करत ग्लासगोपर्यंत गेल्या आणि पोचल्यावर आजारी न पडता नातवाला मांडीवर घेऊन बसल्या. लेक डिस्ट्रिक्टच्या साइटवर शेजारच्या कॅरॅव्हॅनमधलं एक यॉर्कशरचं म्हातारं जोडपं फोडणीचा वास घेत आलं आणि दोन वाट्या पिठलं घेऊन गेलं. दुसऱ्या दिवशी वाट्या धुऊन परत आल्या. सासूबाईंनी त्या पुन्हा धुतल्या.

या सगळ्यातून एक असेसर म्हणून मी एवढंच शिकलो, की ताणली जाते अशा वस्तूने मोजू नये, आणि ज्याला वस्तू हवी आहे त्याच्या हातात मापाचं टोक देऊ नये. नव्या पोरांना करायच्या भाषणात मी हे घातलं. नाडीचा उल्लेख गाळला. तो टायपिस्टने केला.

पण मला आठवते ती निघायच्या दिवशीची सकाळ. भाड्याची कॅरॅव्हॅन ताब्यात घ्यायला आम्ही गेलो. शुभ्र, चकचकीत, कुठे एक ओरखडा नाही. सासूबाई आत जाऊन शेगडी बघून आल्या. दुकानदार किल्ली घेऊन उभा. मी खिशात हात घातला. टेप स्वयंपाकघरातल्या टेबलावर राहिली होती.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मग पर्स उघडून दोन नाड्या काढल्या, आधीच गाठ मारलेल्या, खुणेसाठी सेफ्टीपिन अडकवलेल्या. स्वतः चाकाशी जाऊन बसली, पदर खोचला आणि दुसरं टोक माझ्याकडे फेकलं.

"तुम्ही हिच सांभाळा," ती म्हणाली. "मी चासी सांभाळते."