वरचा मजला, खालचा मजला
माझ्या सासऱ्यांनी चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या आणि स्वतः मात्र कायम जिना वापरला. लिफ्टच्या आत काय काय असतं ते त्यांना माहीत होतं ना. निवृत्तीनंतर दुरुस्तीला लिफ्ट उरल्या नाहीत, म्हणून त्यांनी घरच्यांना हाती घेतलं. दार आपटलं, नळ टपकला, की बाबांचा आवाज एकेक मजला चढू लागायचा. सासूबाई शांतपणे म्हणायच्या, "चढू दे. गच्चीवर पोचले की येतील खाली."

मग हृदयानं दगा दिला आणि डॉक्टरांनी त्यांच्या डाव्या खांद्याखाली एक चपटी डबी बसवली. ठोके जीवघेणे पळायला लागले की ती आतून झटका देऊन त्यांना ताळ्यावर आणते. बाबांना डबी लगेच समजली, कारण त्यांना सगळंच लगेच समजतं.

"लिफ्टला असतो तो गव्हर्नर आहे हा. वेग वाढला की पकडतो. एवढ्यासाठी डॉक्टरांनी इतकं शिकायचं?"

दोन महिन्यांनी जिना चढताना छातीत आतून लाथ बसावी तसा झटका बसला. पूर्ण शुद्धीत असताना. त्या दिवसापासून गव्हर्नरला वेग दिसू नये म्हणून ते हळू चालायला, हळू बोलायला लागले आणि रागावणं तर सोडूनच दिलं. माझा नवरा म्हणाला, डबी लग्नाआधीच बसवायला हवी होती. खोटं कशाला बोलू, मलाही ती शांतता आवडली. सासूबाईंना नाही आवडली. त्या दर अर्ध्या तासानं त्यांच्या खोलीत डोकावून यायच्या.

एका सकाळी बाबा म्हणाले, "असं चोरासारखं जगण्यापेक्षा मी ती बंद करून घेतो." सासूबाईंच्या हातातली किसणी तशीच राहिली. डबी नसेल तर पुढच्या वेळी बाबा दवाखान्यापर्यंतही पोचणार नाहीत, हे डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं.

दवाखान्यात डबी तपासणाऱ्या तंत्रज्ञ मुलीनं पडद्यावरच्या रेघा पाहिल्या.

"काका, ही नुसता वेग मोजत नाही, चौकशी करते. हृदयाला दोन मजले आहेत आणि दोन्हीकडे डबीची एकेक वायर आहे. गडबड वर सुरू होऊन खाली आली, तर झटका द्यायचा नसतो. खालचा मजला वरच्याला न विचारता पळत सुटला, तर द्यायचा. शिवाय वेग हळूहळू वाढला की एकाएकी, ठोके एकसारखे आहेत की वेडेवाकडे, त्यांचा आकार रोजचाच आहे का, हेही बघते."

"मग मला का दिला?"

"त्या दिवशी वरचा मजला वेडावाकडा फडफडत होता. त्याच्या नादानं खालचा इतका पळाला की वेग शेवटच्या मर्यादेपलीकडे गेला. तिथे ती चौकशीत वेळ घालवत नाही."

बाबा ताठ बसले. "म्हणजे मर्यादा खाली लागलीय. माझ्या हाताखालच्या माणसानं असं केलं असतं, तर त्याला लिफ्टच्या खड्ड्यात उभा केला असता."

कित्येक आठवड्यांनी आवाज चढला होता. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. डॉक्टरांनी मर्यादा वाढवली, एक गोळी जोडली आणि बंद करण्याचा विषय तिथेच संपला.

घरी पुन्हा मजले चढणं सुरू झालं. डबी गप्प. बाबांचा राग पायरीपायरीनं वरूनच येतो हे तिला कळलं होतं. मला आठ वर्षांत कळलं नव्हतं.

पुढे एका दुपारी बाबा पेपर वाचत होते. चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "छान झालाय चहा."

मला वाटलं, सासूबाई लाजतील. त्या हातातलं टाकून धावल्या. त्यांनी खांदे धरले तोवर बाबांची मान कलंडली होती. मग अंगाला एक हिसका बसला आणि त्यांनी डोळे उघडले.

दवाखान्यात रेघा निघाल्या. खालचा मजला, एकाएकी, वरच्याला न विचारता. डबीला ओळखायला काही सेकंद लागले होते. सासूबाईंना तीन शब्द पुरले.

आता रोज दुपारी कप देऊन त्या समोर उभ्या राहतात. बसत नाहीत.

"कसा झालाय?"

"पाणचट," बाबा म्हणतात.

मग त्या बसतात आणि स्वतःचा कप उचलतात.