बरणीवरची गाठ

माझी बायको जाऊन वर्ष होत आलं. माझ्यामुळं तिच्या नावाला एक खोटा डाग लागला होता, तो पुसायला बसलोय. माझी शाळा चौथीपर्यंतची. जमेल तसं लिहितो.

सन ऐंशीनंतरची गोष्ट. दोंडाईचाकडं आमची काळ्या द्राक्षांची बाग होती. छाटणी माझी, वेल तारेला बांधणं तिचं. सुतळीची तिची सरकगाठ एका ओढीत सुटायची. मला एकच गाठ येते, बैल बांधायची दुहेरी.

अवकाळी पावसानं मणी तडकले की व्यापारी हात लावायचा नाही. मिशनच्या दवाखान्यातली एक नर्सबाई द्राक्षं घ्यायला यायची. तिनं बायकोला तडकलेल्या मालाची वाईन करायला शिकवलं, घरच्यापुरती. मणी कोरड्या हातानं कुस्करायचे, साखर घालून बरणीत भरायचे. आठवडाभर खदखदतं. सालं वर येतात, ती रोज दोनदा पळीनं खाली दाबायची. मग गाळून दुसऱ्या बरणीत गळ्यापर्यंत भरायचं, झाकण लावून फडकं बांधायचं आणि दिवाळीपर्यंत विसरायचं.

पहिली बरणी नर्सबाईनं स्वतःकडं ठेवली, म्हणून फक्कड झाली. पुढच्या वर्षीची आमच्या कोठीत राहिली. बायको विसरली. मी कसला विसरतो! शेतातून आलो की फडकं सोडायचं, वाटीभर प्यायची, परत बांधायचं.

दिवाळीत उघडली तर नुसता शिरका. माझी थोरली बहीण, अक्का, भाऊबीजेला आलेली. वास घेऊन म्हणाली, "भायेर बसेल व्हती तवय तुनी बायकोनी हात लाया व्हई! बठ्ठं नासी गयं."

लोणच्याच्या बरणीचा कायदा तिनं वाईनला लावला, आणि मलाही तो पटला.

बायको म्हणाली, "मी शिवनू बी नही."

भरल्या घरात मी ओरडलो, "विटाळ करते आणि वर खोटं बोलते!"

पुढच्या वर्षी तिला कोठीत पाय ठेवू दिला नाही. सगळं मी केलं. तेही नासलं.

नर्सबाईनं बरणीत डोकावून विचारलं, "भाऊ, अर्धी रिकामी कशी? रोज कोण उघडतं? आत वारा गेला की आंबणारच."

"उंदीर असेल."

"झाकण लावून फडकं बांधणारा उंदीर?" ती हसली.

मला कळायचं ते कळलं. तरी तोंड उघडलं नाही. बाग काढून कापूस लावला, पण अक्काची गोष्ट काही संपली नाही. दर लग्नाकार्यात ती तिखटमीठ लावून सांगायची, आणि बायको तिथंच खाली मान घालून पोळ्या लाटायची.

शेवटच्या आजारात बायको म्हणाली, "बरणीवर बैलनी गाठ व्हती. माले तवयच समजनं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलशात म्हणीसन वाट देखी."

वाट बघत गेली ती.

तेराव्याच्या पंगतीत सून बाजूला बसलेली, तिचे चार दिवस होते. अक्का तिला म्हणाली, "लोणचानी बरणीपाईन लांब ऱ्हाय. तुनी सासूनी कशी नासाडी करी व्हती, इचार सासराले."

माझं डोकं फिरलं. "मला विचारतेस? ऐक मग. वाईन मी चोरून पिऊन नासवली. तिनं बोटही लावलं नव्हतं. तू जन्मभर तोंड वाजवलंस आणि मी शेण खाऊन गप्प बसलो!"

पंगतीतले हात थांबले. अक्का म्हणाली, "मरेल माणूसले आते काय त्यानं?"

मी सुनेला म्हटलं, "ऊठ. बरणी उघड. तुझ्या हातानं मला लोणचं वाढ."

"मामंजी, मी कशी..."

"ऊठ म्हणतो ना!"

ते लोणचं बायकोनंच घातलेलं, फडकंही तिनंच बांधलेलं. सुनेनं सुतळीचं टोक ओढलं. गाठ एका ओढीत सुटली.

अक्का ताटावरून उठली. मी थांब म्हटलं नाही.