ओला कडप्पा

नोकरी लागल्यावर कोळवणच्या घरात मी आईसाठी ओटा बांधायला काढला. जन्मभर चुलीपुढे वाकून तिची कंबर गेली होती. दगड निवडायला तिला पुण्याच्या वखारीत नेलं. वखारवाला एकेका कडप्प्यावर तांब्याभर पाणी ओतायचा आणि दगड काळाभोर चमकायचा. मी बघताक्षणी एक पसंत केला. आईनं तो बोटांनी चाचपला आणि म्हणाली, "जरा वाळू दे की रं. कोरडा कसा दिसतुया ते बघू."

पण आमची एसटी सुटायला आली होती. शिवाय मी शिकलेला, पगारदार! "दगड तो दगड, आई. वाळल्यावर काय पळून जाणार आहे?" असं मी चारचौघांत तिच्या अंगावर खेकसलो. तिनं ओला हात पदराला पुसला.

ओटा झाला. मी सुट्टीला घरी जायचो तेव्हा तो काळाभोर चमकत असायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला मी तो हौसेनं दाखवायचो.

एकदा न कळवताच गेलो. आई शेतावर होती. ओटा राखेसारखा पांढुरका पडलेला, त्यावर हळदीचे आणि आमसुलाचे डाग. आपणच पुसून टाकावा, की आईला बोलून दाखवावं, काहीच सुचेना. बाहेर येऊन अंगणात बसलो.

आई आली. "आलास व्हय?" म्हणाली आणि पायही न धुता आत गेली. आतून ओलं फडकं पिळल्याचा आवाज आला. मग हाक आली, "ये आता आत."