डोकाचा फुगलेला गळा

अच्युत ढोबळेला सगळं पचायचं, एक आडनाव तेवढं पचत नव्हतं. किरकिरे.

जितेंद्र किरकिरे त्याचा वर्गमित्र. दोघं भोपाळातच शिकले, एका जाळ्यानं मासे धरले. अच्युत मोर्शीकडच्या खेड्यातला, गाळात मांडीभर उतरणारा. जितेंद्र इंदूरचा, काठावर उभा राहून बाटल्यांवर चिठ्ठ्या लावणारा. दोघांना वेड एकाच माशाचं, डोकाचं. डोक म्हणजे मरळीचा धाकटा भाऊ. वीतभर, काळपट, परांना नारिंगी कड. पुस्तकात या घराण्याचं नाव चन्ना. शेपटीशी डोळ्यासारखा ठिपका मिरवणारी दांडगी मरळ त्यातलीच, डबक्यातली ठिपक्याठिपक्यांची गिरई त्यातलीच. नाल्याओढ्यांतल्या डोकाला मात्र इराणापासून जाव्यापर्यंत एकच नाव होतं, गचुआ. आता जाणकारांनी त्याची फोड मांडली होती. हा एक नाही, कितीतरी जाती एका नावाखाली कोंबल्यात, असं म्हणत होते.

त्यातली दक्षिणेतल्या डोंगरातली एक जात जितेंद्रनं वेगळी काढली. रिवाज असा, की जो जात पहिल्यांदा मांडतो त्याचं आडनाव तिच्या नावामागे लागतं. झालं. किरकिरे.

अच्युत रायसेन रोडवरच्या कॉलेजात वर्गीकरण शिकवायचा. दरसाली चन्नाचा धडा यायचा आणि त्याला स्वतःच्या हातानं फळ्यावर किरकिरे लिहावं लागायचं. दरवेळी खडू मोडायचा.

यंदा श्रावणात त्याला गावाबाहेरच्या एका नाल्यात डोक गावला. गळा असा फुगलेला, जबडा असा रुंद, की अच्युतनं तो दोनदा उलटा करून पाहिला. असा डोक त्यानं पाहिला नव्हता. आनंद नगरातल्या घरी आणून काचपेटीत सोडला. गांडूळ टाकलं. माशानं ढुंकून पाहिलं नाही.

"अवो, हा खात काहून नाही?" वसुधा म्हणाली. ती वरूडची, लग्नानंतर भोपाळात आलेली; माशाचा वास तिनं नवऱ्यासोबत पदरात घेतला होता. "आन गळा पाहा, पोटुशीसारखा दिसून राहिला."

"मास्याले गळ्यात दिवस जातात काय वसुधा? जात वेगळी हाये ते. जबडाच वेगळा."

"मंग त्याले राहू द्या चार दिवस. पाहा काय करते तं."

पण चार दिवस कोणाला होते? जितेंद्रनं नुसतं ऐकलं तरी तो नाल्यावर धावेल, असं अच्युतला वाटत होतं. आणि ऐकवल्याशिवाय तर राहवत नव्हतं. त्यानं साकेत नगरला जितेंद्रच्या घरी फोन लावलाच.

"रविवारी पोहे खायले ये. एक चीज दाखवतो."

"क्या बात है! डोक?"

"ये तं खरा."

रविवारी सकाळी, पाहुणा येण्याआधी मासा बरणीत उभा असावा म्हणून अच्युतनं टबात लवंगेचं तेल घातलं आणि डोक त्यात सोडला. मासा गुंगला, आडवा झाला, हलायचा थांबला. जबड्याचं माप घ्यायला अच्युतनं चिमट्यानं तोंड उघडलं.

तोंडातून पिल्लं सांडली. राईएवढी, काळी, डोळेच डोळे. पांढऱ्या ताटात चार वळवळत होती, बाकी नुसती पडून.

डोकाचा नर पिल्लं तोंडात सांभाळतो. तेवढे दिवस तो खात नाही. हे अच्युत दरसाली शिकवत होता, खडू मोडायच्या तासाच्या पुढच्याच तासाला.

"वळवळतात ते इकडे द्या," वसुधानं ताट ओढलं आणि वाटीभर नाल्याच्या पाण्यात ती पिल्लं घेतली. घंटी वाजली.

जितेंद्रनं जोडे काढले, ताट पाहिलं, वाटी पाहिली, मित्राकडे पाहिलं. त्याला हसू आवरलं नाही.

"अरे यार, तू बाप मारलास!"

"मारला," अच्युत म्हणाला. "हास आता पोटभर."

पण जितेंद्र हसता हसता थांबला होता. माशाच्या पराची कड बोटानं उलगडून पाहत होता. "जबडा छोड. ही कड बघ, किती रुंद आहे. छातीच्या परावरचे पट्टेपण वेगळे. दुसरा आहे का असा?"

"नाल्यात पुष्कळ. सगळ्याईले अशीच कड असते."

"मग पराचा तुकडा दे, डीएनए तपासायला लॅबला पाठवतो. वेगळा निघाला तर मी तुझं नाव देतो याला, पक्का वादा."

अच्युतच्या डोळ्यांपुढे फळा उभा राहिला. आपण मांडलेल्या जातीला आपलंच नाव देत नाहीत, हे खरं. म्हणजे माशाचं नाव अच्युतवरून, आणि मागे पुन्हा किरकिरे. आपण जुंपलेल्या बैलासारखे पुढे, हा पाठीमागे गाडीत बसलेला.

तो फडताळाकडे गेला. दोन बाटल्या होत्या. स्पिरिटमध्ये तुकडा टिकतो; फॉर्मालिनमध्ये त्यातला डीएनए वाचण्याजोगा राहत नाही. त्यानं कुपीत फॉर्मालिन ओतलं आणि पराचा तुकडा त्यात टाकला.

जितेंद्रनं कुपी नाकाशी नेली आणि डोळे चोळत मागे सरकला.

"अच्युत, मलापण नाक आहे रे."

आतून वसुधाचा झारा थांबला. अच्युतनं कुपी मोरीत रिकामी केली, माशाचा दुसरा पर कापला आणि तो स्पिरिटमध्ये घातला. कुपी मात्र मुठीत घट्ट धरली.

"माझं नाव देऊ नको त्याले. नाल्याचं दे. मांगं आडनावं दोन लागतील. तुझं आन माझं."

"चलेगा," जितेंद्र चटकन म्हणाला. एवढ्या चटकन, की अच्युतला तेही खुपलं.

"पहिलं कोणाचं?"

"बाराखडीनं लाव. झगडा खतम."

अच्युतनं मनात क, ख, ग म्हणून पाहिलं. ढ यायला बराच वेळ लागला.

"पोहे थंडे होऊन राहिले," वसुधानं हाक मारली.

"होऊ दे," अच्युत म्हणाला. मूठ त्यानं अजून सोडली नव्हती. "गाळात उतरते थो पहिला. हे आधी ठरू दे."